गोदूताईंची खुंटी

अख्ख्या जामखेडच्या बायकांचे ब्लाउज मापात बसवणाऱ्या गोदूताईंचा स्वतःचा ब्लाउज मात्र कधी धड बसला नाही. उजवी बाही डावीपेक्षा इंचभर खाली. कायम! मी त्यांची भिंतीला भिंत लागून शेजारीण, आणि माझं तोंड काही गप्प बसणारं नाही. "ताई, जगाचं शिवता, स्वतःचं तरी नीट शिवा की!" म्हटलं की बाही वर ओढून म्हणायच्या, "मला कोन बघतंय?"

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत चूल, बाहेरच्या खोलीत शिवणक्लास. तीन मशिनी, नऊ पोरी आणि उरलेल्या जागेत सामान. शिंगणापूरला घरांना दारं नसतात म्हणे. ताईंच्या घराला दार होतं, पण ते लागायचं कसं? त्याच्यामागे चिंध्यांची तीन बोचकी होती. शिवाय मूठ नसलेली इस्त्री, जोडी नसलेल्या बटणांचे डबे आणि मोडक्या सुयांची एक बाटली.

"या सुया कशाला हो?"

"टोक मोडलं तर काय झालं? नेढं शाबूत हाय की. राहू दे, लागतंय."

'राहू दे, लागतंय' हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यांच्यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

दुष्काळाचं साल होतं. पोरी सकाळी खडी फोडायच्या आणि दुपारी त्याच खरबरीत हातांनी काजं करायला बसायच्या. अशात नगरहून पत्र आलं. तपासणीला बाई येणार, वर्गाची खोली मोकळी हवी. मान्यता मिळाली तर पोरी सरकारी परीक्षेला बसणार, नाही तर क्लासला कुलूप. हातात आठ दिवस.

मी पदर खोचला. एकेक वस्तू उचलायची, ताईंनी ती माझ्या हातातून काढून घ्यायची, मी परत हिसकावायची. सहा दिवसांत मी इस्त्री, बटणं आणि दोन बोचकी बाहेर काढली. सुयांची बाटली त्यांनी तांदळाच्या डब्यात लपवली, ती मला तांदूळ निवडताना सापडली!

सातव्या दिवशी टँकर आला म्हणून ताई हंडा घेऊन पळाल्या. मला तेवढंच पाहिजे होतं. खुंटीवर जुन्या वर्तमानपत्रांचा एक जाडजूड गठ्ठा वर्षानुवर्षं लटकत होता, धूळ खात. तो काढला आणि कोपऱ्यावरच्या वाण्याला पुड्या बांधायला देऊन टाकला.

ताई आल्या. हंडा खाली ठेवायचंच विसरल्या. खुंटीकडे बघत राहिल्या.

"लीला, माझ्या पोरी कुठं गेल्या गं?"

ती रद्दी नव्हती, वर्तमानपत्रांतून कापलेली ब्लाउजांची कागदी कटिंगं होती. क्लासला आलेल्या प्रत्येक पोरीच्या मापाची, निळ्या पेन्सिलीनं नाव घातलेली. त्यांतल्या अकराजणी आई नसलेल्या. लग्न होऊन कुणी राहुरीला गेली, कुणी कर्जतला. दर संक्रांतीला ताई त्यांना त्या मापानं ब्लाउज शिवून एसटीनं पाठवायच्या, माहेरचा म्हणून. दारामागच्या त्या चिंध्या त्याच ब्लाउजांच्या अस्तरासाठी होत्या. मी इतकी वर्षं शेजारी राहून ती पुडकी गिऱ्हाइकांची समजत होते.

मी अनवाणी धावले. वाण्यानं पुड्या बांधूनसुद्धा टाकल्या होत्या. शांताच्या पाठीत जिरं होतं, मंजुळेची बाही हळदीनं पिवळी. बाकीच्या गावभर गेल्या होत्या. मला रडूच कोसळलं.

तपासणीच्या बाई आल्या, मोकळी खोली बघून खूश झाल्या, मान्यता देऊन गेल्या. ताईंनी चहा केला, पण साखर घालायला विसरल्या. नंतर मशिनीवर नुसत्या बसून राहिल्या. चाकाला हात नाही. "संक्रांत आली," एवढंच म्हणाल्या.

मग मी अकरा पत्रं लिहिली. झालं ते सगळं खरं लिहिलं, आणि मापाचा एकेक जुना ब्लाउज मागवला. पंधरा दिवसांत एसटीचे कंडक्टर पुडकी आणून देऊ लागले. दहा पुडकी आली. अकरावी मंजुळा, ती तान्ह्या लेकराला घेऊन स्वतःच आली.

"ताई, माजं माप आता बदललंय," ती हसली. "आन तुमचं कटिंग कुठाय? आमी तुमाला कदी शिवायचं?"

ताई उगाच टेप गुंडाळू लागल्या. मी तो हिसकावला. "हात पसरा!"

माप घेतलं आणि मी पुन्हा एकदा टेप लावून बघितला. उजवा खांदा डाव्यापेक्षा इंचभर उतरलेला. वर्षानुवर्षं कात्री आणि चाक ओढून. स्वतःच्या खांद्याला स्वतः टेप कसा लावणार? म्हणून दोन्ही बाह्या सारख्याच बेतायच्या. आणि मी मेली हसत होते!

"हलू नका," मी म्हटलं.

"हलत न्हाई गं." त्यांचे डोळे वाहत होते. "आई गेली तवा सात वर्सांची हुते. तवापासून माजं माप कुनी घेतलंच न्हाई."

मंजुळेनं कागद बेतला. मी त्यावर निळ्या पेन्सिलीनं 'गोदू' लिहिलं आणि तो रिकाम्या खुंटीला सगळ्यांत आधी टांगला.