मुक्ताईंच्या गुडघ्यावरचा बर्फ

राजनंदिनी सकाळपासून वडिलांच्या मागे लागली होती की बाबा, आजची संध्याकाळ तेवढी कुठलाही उद्योग करू नका. सार्थकचे आईवडील पहिल्यांदाच विश्रांतवाडीला यायचे होते. त्याच्या आईने, शालनताईंनी, आधी माणसं बघते आणि मग लग्नाला हो की नाही ते सांगते, असं मुलाला स्वच्छ सांगून ठेवलं होतं.

रंगरावांनी कबूल केलं. पण उद्योग रक्तातच असला तर माणूस करणार काय? खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांची उभी नोकरी गेली, एकही अपघात नाही. त्याचं श्रेय ते झाकण घट्ट लावण्याच्या सवयीला देत. घरातली लोणच्याची बरणीसुद्धा पक्कडीशिवाय उघडत नसे.

संध्याकाळ होता होता सार्थकने आइस्क्रीम पाठवलं. खोक्यात धूर सोडणारे पांढरे खडे होते. हा कोरडा बर्फ आहे, वितळत नाही, गॅलरीत उघड्यावर टाकून द्या, असं त्याने फोनवर बजावलं. आता न वितळणारा बर्फ कुणी टाकून देतं का? आजकालच्या पोरांना वस्तूची कदरच नाही, असं पुटपुटत रंगरावांनी चिमट्याने खडे उचलले. मुक्ताईंचा गुडघा कालपासून सुजला होता. खडे गरम पाण्याच्या रबरी पिशवीत गेले, बूच पक्कडीने आवळलं गेलं आणि टॉवेलात गुंडाळलेली पिशवी बायकोच्या गुडघ्यावर बसली. वरून शाल. तेवढ्यात बेल वाजली.

सार्थक आईवडिलांना घेऊन आला. चहा झाला, चिवडा आला. बर्फ वितळत नव्हता हे अगदी खरं. तो थेट वायू होत होता, आणि वायूला ऐसपैस जागा लागते. शाल फुगू लागली. मुक्ताईंनी हसत हसत ती एकीकडून दाबली, तर ती दुसरीकडून वर आली. शालनताई कपाआडून सगळं बघत होत्या. त्यांचे यजमान बद्रीनाथ चिवड्यातले शेंगदाणे निवडण्यात गुंग होते.

"अहो," मुक्ताई हळूच म्हणाल्या, "हे वाढतंय."

रंगरावांनी शालीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"सगळे आडवे व्हा," ते कारखान्यातल्या आवाजात म्हणाले.

त्या आवाजापुढे कुणाचं काय चालणार? शालनताई नव्या साडीसकट फरशीवर पालथ्या झाल्या. रंगरावांनी मात्र बायकोच्या गुडघ्यावरून पिशवी हिसकावली, स्वतःच्या पोटाशी कवटाळली आणि ते गॅलरीकडे धावत सुटले. त्यांनी ती कठड्याशी टाकली न टाकली तोच फट्ट झालं. बूच शेजारच्या पत्र्यावर जाऊन आदळलं. पांढऱ्या धुक्यातून रंगराव परत आले, हातात पिशवीची लक्तरं.

राजनंदिनीला रडूच फुटलं. झालं, जमलेलं लग्न बापाने उडवलं.

"चूक माझी आहे," रंगराव मान खाली घालून म्हणाले. "पोरीला बोल लावू नका."

शालनताई उठल्या, साडी झटकली आणि आजूबाजूला बघत त्यांनी विचारलं, "आमचे हे कुठे गेले?"

टीपॉयखालून बद्रीनाथांनी कळवलं की आपण सुखरूप आहोत. चिवड्याची बशीही त्यांच्यासोबत सुखरूप होती.

"ते मी विचारलं नाही." मग त्या मुलाकडे वळल्या. "सार्थक, हे घर पक्कं. दर रविवारी इथे यायचं आणि बायकोला जपायचं कसं ते सासऱ्यांकडून शिकायचं. बर्फाचं सोडून."

बद्रीनाथांनी दबकत विचारलं की आता बाहेर आलं तर चालेल का.

"तुम्ही बसा तिथेच," शालनताई म्हणाल्या, आणि गुडघ्याला काय लावता हो, असं विचारत मुक्ताईंजवळ जाऊन बसल्या.