साडूची फळी

"बंदूक निवडायला अक्कल लागते, पैसा नाही!"

हे वाक्य डंकन मॉफॅटने सासुरवाडीच्या जेवणाच्या टेबलावर, तोंडात भाजलेला बटाटा असताना फेकलं. फेकलं होतं साडूवर, पण पडलं सगळ्यांच्याच ताटात. सासूबाई सासऱ्यांकडे, म्हणजे वॉल्टरकडे, बघू लागल्या, वॉल्टर मटणाकडे, आणि डंकनची बायको आयला छताकडे. ज्याच्यासाठी बोललं होतं तो लॉरी टेलफर मात्र शांतपणे रस्सा ओतून घेत होता. त्याला हाडाजवळचा मऊ तुकडा वाढला होता. दर वेळी त्यालाच वाढत. डंकनच्या वाट्याला कडेचा, चपलेच्या तळासारखा!

लॉरी डनेडिन शहरात दातांचा डॉक्टर. डंकन इथलाच, गावातल्या जर्दाळूच्या पॅकिंग शेडमध्ये मुकादम. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, दोघांचे सासरे एकच, आणि सासऱ्यांचं मेंढ्यांचं रानही एकच. त्या रानाच्या मागच्या खोऱ्यात ससे इतके माजले होते की मेंढ्यांना गवताऐवजी धूळ चाटायची वेळ आली होती. ईस्टरला तिथे सशांची शिकार व्हायची. खोऱ्याच्या फाटकाला कुलूप असे आणि वॉल्टर त्याची किल्ली एकाच जावयाच्या हातात देत. ज्याच्याकडे किल्ली, तो शिकारीचा म्होरक्या. बाकीच्यांनी त्याच्या मागून चहाचे थर्मास वाहायचे.

आणि किल्ली दर वर्षी लॉरीला! का? तर त्याची बंदूक कारागिराकडून मुद्दाम घडवून घेतलेली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर कोरलेलं नाव, आणि लोण्यासारखी तुकतुकी. सासूबाई येता-जाता त्या दस्त्यावरून हात फिरवत. सख्ख्या नातवाच्या पाठीवरून कधी इतक्या मायेने हात फिरवला नव्हता! डंकनच्या छातीत तेव्हा असं काही जळायचं की सोडा घेऊनही उतरायचं नाही.

"म्हणजे काय, डंकन?" लॉरीने गोड आवाजात विचारलं. "दुकानातली तयार बंदूक माझ्या बंदुकीच्या तोडीस तोड मारेल?"

"तोडीस तोड? लोळवेल!"

"मग होऊन जाऊ दे," वॉल्टर सुरी खाली ठेवत म्हणाले. "ईस्टरच्या आधी ओढ्याकाठी दोन फळ्या ठोकतो. ज्याचा नेम चांगला, किल्ली त्याची. आता पुडिंग आणा कुणीतरी."

घरी येताना गाडीत आयला एवढंच म्हणाली, "तुझ्याकडे बंदूक आहे कुठे?"

होती. आजोबांच्या वेळची. तिच्यातून गोळी सुटली की ती कुठे जाईल हे गोळीलासुद्धा माहीत नसे. तेव्हा डंकनने अभ्यासाला सुरुवात केली. मासिकं आणली, लोकांना फोन केले, शेडमधल्या पोरींना जर्दाळू निवडता निवडता नळीच्या जाडीवर व्याख्यानं दिली. "मुलीचं नाव ठेवताना इतका विचार केला नव्हतास," आयला म्हणाली, आणि ते खरंच होतं.

शेवटी तो नेव्हिलच्या बंदुकांच्या दुकानात गेला. नेव्हिल चाळीशीचा, सुस्त, पण बंदुकीतलं त्याला कळायचं.

"लाकडी दस्त्याची दाखवू?"

"लाकूड नको. पावसात फुगतं," डंकन म्हणाला. लाकडाची किंमत त्याने आधीच चोरून बघितली होती.

"मग ही बघ. कारखान्यातली, तयार. दस्ता प्लॅस्टिकचा, दिसायला ड्रेनेजच्या पाइपसारखी. पण नळी जाड आहे. लागोपाठ मारलंस तरी तापून भरकटत नाही. चाप हवा तितका हलका करून घेता येतो. काडतूस छोटं, स्वस्त. खांद्याला दणका नाही, त्यामुळे गोळी कुठे लागली ते बंदुकीवर बसवलेल्या दुर्बिणीतून तुझं तुलाच दिसतं. लांबच्या सशाला याहून जास्त काय लागतं?"

सगळं पटण्यासारखं होतं. डंकनने एकच प्रश्न विचारला. "लॉरीने ही पाहिलीय का?"

"पाहिलीय की. हसला आणि पुढे गेला."

"बांध!"

मग नेव्हिलने हळूच सांगितलं की इतकी नेमकी बंदूक घेऊन तिच्यावर भंगार दुर्बीण बसवणं म्हणजे पाप. आणि चांगली दुर्बीण निघाली बंदुकीपेक्षा महाग! घरी खोकं उघडल्यावर आयला म्हणाली, "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!" पण डंकनचं लक्ष नव्हतं. तो दुर्बिणीतून समोरच्या डोंगरावरच्या मेंढीच्या पापण्या बघत होता.

आणि बंदूक निघाली हिरा! त्याने सरावाला जाऊन पहिल्याच दिवशी अशा गोळ्या मारल्या की कागदावर एकच भोक दिसावं. डंकनला रडूच आलं. त्याला लॉरीचा चेहरा डोळ्यांसमोर दिसू लागला. आंबट, ओघळलेला, दाढ काढून घेतलेला!

ठरलेल्या सकाळी सगळं कुटुंब टेकडीवर जमलं. खाली ओढ्याकाठी, दोनशे मीटरवर, दोन फळ्या ठोकल्या होत्या. डावी डंकनची, उजवी लॉरीची. दोन्हींवर एकसारखे कागद. डंकन पोटावर पालथा झाला, दुर्बिणीला डोळा लावला आणि पहिलं काम काय केलं असेल? साडूची फळी तपासली! सासऱ्यांनी लाडक्या जावयाचा कागद मोठा तर लावला नाही ना? जवळ तर ठोकली नाही ना?

फळी तशीच होती. पण तेवढ्यात शेजारी काहीतरी मऊ पडल्याचा आवाज आला. डंकनने मान वळवली. लॉरी त्याच्या शेजारी आडवा होत होता आणि सासूबाई स्वतःच्या हातांनी त्याच्या कोपरांखाली उशी सरकवत होत्या. भरतकाम केलेली!

"खडे टोचतात ग बाई त्याला," सासूबाई म्हणाल्या.

डंकनच्या कोपराखाली दगड होता आणि दगडाखाली काटे. मला कधी पोतं तरी घातलंत का हो? तो मनातल्या मनात किंचाळला, दातओठ खाल्ले, पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला आणि धाड, धाड, धाड, धाड, धाड! रागाचा सगळा ऐवज नळीतून बाहेर काढला. पाचही गोळ्या एका भोकात! जर्दाळूची बीसुद्धा आत गेली नसती, इतकं लहान भोक.

"झालं माझं!" तो उठून कपडे झटकत म्हणाला.

लॉरीने दुर्बिणीतून पाहिलं. मग मान उचलून डंकनकडे बघितलं. पुन्हा दुर्बिणीतून पाहिलं, आणि फार गोड हसला. बिचारा, डंकनला वाटलं, खचला! लॉरीने सावकाश पाच गोळ्या मारल्या आणि उशीवरची धूळ झटकली.

सगळी वरात खाली गेली. डाव्या फळीवरचा कागद कोराकरकरीत. उजव्या फळीवर मधोमध एक फाटकं भोक, आणि भोवताली, पाहुण्यांनी मिळेल तिथे काढून ठेवलेल्या चपलांसारखी, पाच भोकं विखुरलेली.

"डंकन," वॉल्टरनी विचारलं, "तू कशावर मारत होतास?"

डंकनच्या पायाखालची जमीन सरकली. त्याला सगळं कळलं. साडूची फळी तपासायला म्हणून बंदूक तिकडे वळवली होती, ती परत आपल्या फळीवर आणलीच नव्हती! एवढ्या जवळून दाखवणाऱ्या दुर्बिणीत एका वेळी एकच फळी दिसते, आणि दोन्ही सारख्याच.

गप्प बसावं तर ते सुंदर भोक लॉरीच्या नावावर. बोलावं तर जगात आपण येडे. तो क्षणभरच घुटमळला. लॉरी तेवढ्यात कागदावर बोट ठेवून म्हणाला, "मधल्या भोकातल्या पाचही माझ्या. बाकीच्या कुणाच्या ते डंकनला विचारा."

"खोटं!" डंकन असा ओरडला की ओढ्यापलीकडच्या मेंढ्या पळाल्या. "मधल्या माझ्या! मी तुझ्या फळीवर मारल्या!"

"ऐकलंत ना?" लॉरी म्हणाला.

"चुकलोच मी! पण भोक माझं आहे!"

मग वॉल्टरनी त्याला पुन्हा टेकडीवर नेलं, स्वतः शेजारी बसले, बोट दाखवून "ही तुझी फळी" असं शिकवलं आणि मारायला लावलं. डंकनने पुन्हा एकाच भोकातून गोळ्या पार केल्या. आयलाने टाळ्या वाजवल्या. सासूबाईसुद्धा "अगं बाई!" म्हणाल्या. डंकनने किल्लीसाठी हात पुढे केला.

"बंदूक उत्तम," वॉल्टर म्हणाले. "अशी स्वस्त आणि नेमकी बंदूक मी या भागात पाहिली नाही. निवडलीस छान. पण त्या खोऱ्यात सशांच्या मधोमध माझ्या मेंढ्या चरतात. आपली फळी सोडून शेजारच्याची फळी फोडणारा माणूस उद्या ससा सोडून माझा मेंढा फोडेल. किल्ली लॉरीला."

"पण बाबा, तो खोटं बोलला!" डंकन म्हणाला.

"बोलला. माझ्या मेंढ्यांना त्याचा काही त्रास नाही." वॉल्टर लॉरीकडे वळले. "मात्र लॉरी, तुझी ती बंदूक भिंतीला टांग. शोभेची आहे. डंकनची घेऊन जा."

"आणि मी?" डंकनचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला.

"तू त्याच्या शेजारी बसून वारा कुठून येतोय ते सांग, म्हणजे तो तेवढा नेम सरकवेल. दुर्बिणीतून बघायची तुला हौस आहेच."

ईस्टरच्या दिवशी खोऱ्यात हेच चित्र होतं. लॉरी भरतकामाच्या उशीवर, त्याच्या खांद्याला डंकनची बंदूक, आणि शेजारी काट्यांत डंकन, दुसरी दुर्बीण डोळ्याला लावून. वारा चुकीचा सांगावा तर लॉरीचा नेम चुकणार, पण नाचक्की बंदुकीची होणार. बरोबर सांगावा तर बंदुकीची शान राहणार, पण शाबासकी लॉरीला! दर वेळी बंदुकीची माया जिंकायची. डंकन दात खात वारा बरोबर सांगायचा, ससा कोलमडायचा आणि मागून सासरे ओरडायचे, "वा, लॉरी!"

दुपारपर्यंत त्याने हे सोसलं. मग पार पलीकडच्या उतारावर एक ससा बसला. इतक्या लांब की नुसत्या डोळ्यांना दिसेना. डंकनने वारा सांगितला, लॉरीने चाप ओढला, ससा जागच्या जागी आडवा झाला. सगळे जण धावत आले. सासूबाईंनी लॉरीला आल्याच्या वडीचा मोठा तुकडा दिला.

"बंदूक कशी वाटली?" डंकनने विचारलं. न राहवून विचारलं. निदान एवढं तरी माझ्या पदरात पडू दे, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"बंदुकीचं काय रे," लॉरी वडी चघळत म्हणाला. "कुठलीही चालते. हात कसलेला लागतो!"

डंकनने दुर्बीण डोळ्याला लावली. समोर, मघाच्यापेक्षा पुष्कळ अलीकडे, एक लठ्ठ ससा बसला होता. वारा उजवीकडून होता, चांगला जोराचा.

"डावीकडून," डंकन म्हणाला. "जोराचा."

धाड! सशापासून हातभर अंतरावर धूळ उडाली. सशाने वळून त्या धुळीकडे पाहिलं आणि पुन्हा गवत खायला लागला. डंकनच्या मनात त्या दिवसभरात पहिल्यांदाच दिवाळी झाली.

वॉल्टर मागून पुढे आले. त्यांनी सशाकडे पाहिलं, बंदुकीकडे पाहिलं आणि हळहळून लॉरीच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझा काय दोष, पोरा," ते म्हणाले. "शेवटी स्वस्तातली ती स्वस्तातलीच!"