सरकत्या फाटकापायी एक हात भूमी सोडली त्याची हकीकत

श्री. उतार. कंबरेचा चौथा मणका. शेवग्याच्या शेंगा, एक जुडी. सहा फुटी पत्रा. निरांजन छातीच्या उंचीवर. मामाला फोन. शपथ.

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, भाद्रपद मासी, ज्या राज्याच्या नावाची पाटी रंगकामात उतरवली गेली आणि पुन्हा कोणी लावली नाही, त्या राज्यात वर्तमान घडले ते ऐसे. राज्य लहान. उत्तरेस शेजाऱ्याची भिंत, दक्षिणेस पाण्याची टाकी, पूर्वेस स्वयंपाकघर, पश्चिमेस फाटक आणि त्यापुढे रस्ता. राज्याचे धनी रमाकांतपंत, वय सदुसष्ट, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, आणि त्यांच्या राणी कुमुदबाई. फाटकापासून घरापर्यंत चढ होता, आणि पंत स्वारीहून परतले की मोटार रस्त्यात गिअरमध्ये ठेवून उतरत आणि फाटक उघडीत, पुन्हा बसून मोटार वर चढवीत, आणि मग पुन्हा खाली येऊन फाटक लावीत, आणि ऐसे दिवसातून दोनदा करता करता चौथ्या मणक्याने बंड केले, आणि मग वैद्यराजांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितले की फाटक ओढणे आजपासून बंद. तेव्हा पंतांनी दरबार भरवला. दरबारात दोन माणसे होती. पंत बोलले, "आपोआप उघडणारं बसवून घेऊ." कुमुदबाई बोलल्या, "आणि नाना?" दरबार बरखास्त झाला.

नाना म्हणजे कुमुदबाईंचे वडील बंधू जगन्नाथराव, वय सत्तर, वस्ती दोन गल्ल्या पलीकडे. अकरा वर्षांपूर्वी राजकन्येचे लग्न निघाले, तेव्हा मुलीच्या मामाला घरी जाऊन अक्षत देऊन बोलावणे करावे ही रीत सोडून पंतांनी फोन केला, तोही मोटार चालवताना. नाना तडक आले, अंगणात उभे राहून पंतांस बोलले, "पुन्हा या फाटकाच्या आत पाऊल टाकणार नाही," आणि गेले. लग्नास मात्र कार्यालयात हजर राहिले, भाचीला हात धरून बोहल्यावर आणले, पंतांकडे पाठ करून जेवले. आणि मग पुढल्या रविवारी सकाळी आपल्या झाडाच्या शेवग्याच्या शेंगा घेऊन फाटकाबाहेर उभे राहिले. तेव्हापासून दर रविवारी तास दीड तास, बहीण आत, भाऊ बाहेर, मध्ये छातीइतके उंच गजांचे फाटक आणि त्याच्या वरच्या पट्टीवर दोघांची कोपरे, ऐसा दरबार भरत आला. भाऊबीजेस कुमुदबाई फाटकावरून निरांजन फिरवीत आणि गजांतून करंज्यांचा डबा देत. पंत ते समयी वर्तमानपत्र वाचीत. शपथ फाटकाची होती, आणि फाटकानेच ती सोसवत होती.

मग फाटक विकणाऱ्या कंपनीचे वकील खटावकर, गळ्यात ओळखपत्र आणि हाती टेप, राज्यात दाखल झाले आणि ओसरीत तीन चित्रे मांडली. पहिले फाटक दोन झडपांचे, आत उघडणारे. परंतु अंगणाचा चढ आडवा आला, झडपा चार बोटे उघडून जमिनीस टेकल्या असत्या. दुसरे तेच, बाहेर उघडणारे. त्यावर कुमुदबाई बोलल्या, "म्हणजे नाना शेंगा घेऊन उभे, आणि यांनी आतून बटण दाबलं, की नाना गटारात." खटावकर बोलले, "सेन्सर असतो काकू. समोर काही आलं की थांबतं." कुमुदबाई बोलल्या, "त्यांना 'काही' म्हणू नका." ते चित्र उचलले गेले. तिसरे फाटक रुळावरून सरकून भिंतीलगत जाणारे. त्यास चढाचे भय नव्हते, भिंतीची लांबी पुरेशी होती, आणि पंतांनी मान हलवली. मग उंचीचा प्रश्न निघाला. खटावकरांजवळ सर्व फाटके सहा फूट आणि पत्र्याची.

"मला छातीपर्यंत हवं. आणि गज," कुमुदबाई बोलल्या.

"काकू, एवढं बुटकं ऑटोमॅटिकमध्ये कोणी घेत नाही. चोर सहज उडी मारेल."

"मारू देत. चोराची तब्येत चांगली असते. मला निरांजन फिरवता आलं पाहिजे."

खटावकरांनी पंतांकडे पाहिले. पंतांनी छताकडे पाहिले. वहीत लिहिले गेले: उंची छातीइतकी, कुमुदबाईंची, गज, वरची पट्टी चार बोटे रुंद, कोपरासाठी. ऐसे फाटक त्या कंपनीने पूर्वी केले नव्हते. मग मोजणी झाली. पंतांनी स्वतः टेप धरला, रुंदी तीनदा मोजली, उंची दोनदा, रुळाची लांबी पाच वेळा, कारण पंतांनी आयुष्यभर कालवे मोजले होते आणि दुसऱ्याच्या मापावर त्यांचा विश्वास नव्हता. एक माप कोणी घेतले नाही. ते पुढे येईल.

आश्विन शुद्ध दशमीस, दसऱ्याच्या मुहूर्तावर, जुने फाटक भंगारवाल्याच्या टेम्पोत चढून राज्याबाहेर गेले आणि नवे रुळावर उभे राहिले. पंतांनी मोटारीत बसून रिमोट दाबला, फाटक सरकले, मोटार चढली, फाटक लागले, मणका स्वस्थ राहिला. पंतांनी उगाच चार वेळा स्वारी केली. दुसरे दिवशी रविवार. नाना शेंगा घेऊन आले, आपल्या रोजच्या जागी रस्त्याच्या कडेला उभे राहिले, कोपरे पुढे केली, आणि कोपरांखाली काही नव्हते. जुने फाटक खांबांच्या बाहेरच्या अंगाला टांगलेले होते. नवे भिंतीच्या आतून सरकणारे, म्हणून खांबांच्या आतल्या अंगाला आले. फाटक एक हात मागे गेले होते. नानांनी खाली पाहिले. पुढे यावे तर पाऊल दोन खांबांच्या मध्ये पडते, जेथे जुन्या फाटकाच्या हिशेबाने राज्य सुरू होत होते. नाना मागे सरले. शेंगांची जुडी हात लांब करून पट्टीवर ठेवली आणि बोलले, "चांगलं आहे फाटक. येतो." चार मिनिटे. कुमुदबाईंनी त्या दिवशी शेंगांची आमटी केली आणि स्वतः खाल्ली नाही.

पुढल्या रविवारी नाना आले आणि रस्त्यावरूनच बोलले, आणि मध्ये एक हात रिकामा असल्यामुळे दोघांस आवाज चढवून बोलावे लागले, आणि नानांच्या बद्धकोष्ठाची वार्ता समोरच्या गच्चीपर्यंत गेली. कुमुदबाई बोलल्या, "अरे नाना, तू फाटकाच्या आत येणार नाही म्हणालास. हे काय, फाटक इथे आहे. त्याच्यापर्यंत ये ना."

"मी जे फाटक होतं त्याच्याबद्दल बोललो होतो, कुमे."

"ते भंगारात गेलं."

"शपथ नाही गेली."

आणि मग नाना सात मिनिटांत गेले. तिसऱ्या रविवारी आले नाहीत. शेंगा रिक्षावाल्याकरवी पाठवल्या. भाऊबीज आठ दिवसांवर आली. कुमुदबाईंनी खटावकरांस विचारले, फाटक पुढे घेता येईल काय. खटावकरांनी सांगितले, भिंत पाडावी लागेल, काकू. त्या रात्री, म्हणजे जेवणाच्या वेळी, कुमुदबाई पंतांस एवढेच बोलल्या, "तुमचा मणका बरा आहे ना? मग झालं." पंतांची भाकरी अर्धी राहिली.

मग पंतांनी जे केले ते या राज्याच्या इतिहासात पूर्वी झाले नव्हते. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सकाळी अंघोळ करून, कोट घालून, वाटीत कुंकू लावलेल्या अक्षता घेऊन, कंबरेस पट्टा बांधून, पंत पायी दोन गल्ल्या चालून गेले आणि नानांच्या दारात उभे राहिले. अकरा वर्षांत उभयतांत शब्द झाला नव्हता. नाना बनियनवर होते. त्यांनी वाटीकडे पाहिले आणि विचारले, "कोणाचं लग्न?"

"लग्न नाही. फाटक बसवलं."

"फाटकाला अक्षत देतात?"

"फोन करणार होतो," पंत बोलले. "मग म्हटलं नको."

नानांनी खुर्ची पुढे केली. पंत बसले नाहीत, कारण बसले की उठता येत नव्हते, हे त्यांनी सांगितले, आणि नाना बोलले, "माझंही गुडघ्याचं तसंच आहे." मग पंतांनी उभ्याउभ्याच तहाची कलमे सांगितली. दोन खांबांच्या मधली जागा, एक हात खोल आणि फाटकाइतकी लांब, आजपासून राज्याची नाही. ती रस्त्याची. तेथे कोणीही, कितीही वेळ उभे राहावे. राज्य नव्या फाटकापासून सुरू होते. नाना बोलले, "कागदावर लिहिलंय का?" पंत बोलले, "नाही. मोजलंय." नानांनी अक्षता घेतल्या आणि चहा टाकायला सांगितला, आणि पंत तो उभ्याने प्यायले.

कार्तिक शुद्ध द्वितीयेस, रविवारी, नाना आले. खांबांच्या मधल्या त्या एक हात भूमीत दोन्ही पावले ठेवली, कोपरे चार बोटे रुंद पट्टीवर टेकली, आणि कुमुदबाईंनी फाटकावरून निरांजन फिरवले. "पट्टी रुंद केलीयत," नाना बोलले. "तुझी कोपरं रुंद झालीयत," कुमुदबाई बोलल्या. दरबार दोन तास चालला. त्याच वेळी पंतांस बाजारात जायचे होते, आणि ते मोटारीत बसले, रिमोट हाती घेतला, आणि फाटकावर टेकलेली ती चार कोपरे पाहून दाबला नाही, आणि मोटारीतच वर्तमानपत्र वाचत बसले. नाना निघताना बोलले, "मेहुणे, जाऊ द्या आता तुमची स्वारी," आणि रस्त्यावर उतरून बाजूस झाले.

येणेप्रमाणे मणका राहिला, शपथ राहिली, आणि भूमी एक हात गेली. फाटक उत्तम चालते. शके एकोणीसशे पस्तीस साली नाना रागावून बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या पाठीमागे फाटकाची कडी कुमुदबाईंनी स्वतः घातली होती.