सतरंजी बेटाची अर्थव्यवस्था

जगात असा एकही विषय नाही जो दहा वर्षांच्या मुलाला एका तासात समजत नाही, असं सदानंद गुरुजींचं ठाम मत होतं. चिपळूणच्या शाळेत अडतीस वर्षं त्यांनी ते छातीठोकपणे सांगितलं होतं. विषय समजला नाही तर दोष शिकवणाऱ्याचा, मुलाचा कधीच नाही.

त्यामुळे गुरुवारी नात आर्या शाळेतून आली आणि दप्तर फेकून म्हणाली, "आजोबा, संडेला प्रोजेक्ट द्यायचंय. स्मॉल आयलंड नेशन बनवायचं, त्याच्या पोलिटिकल पार्टीज आणि इकॉनॉमी. आय अंडरस्टँड नथिंग," तेव्हा गुरुजींनी शांतपणे चष्मा पुसला.

"उद्या मराठीच्या वर्गात घेऊन टाकू. एक तास. फार तर सव्वा."

गुरुजी आणि सुनंदाबाई तीन महिन्यांसाठी मुलाकडे बहारीनला आले होते. जुफैरमध्ये बाराव्या मजल्यावर घर, खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी. गुरुजींना दोनच दिवसांत करमेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी इमारतीतली सात मराठी मुलं गोळा केली आणि दर शुक्रवारी सकाळी मराठीचा वर्ग सुरू केला. मुलं मराठीत ऐकायची आणि इंग्रजीत उत्तर द्यायची. गुरुजी त्याला निम्मं यश म्हणायचे.

पण हा शुक्रवार साधा नव्हता. संध्याकाळी अदलियातल्या एका हॉलमध्ये इथल्या मराठी मंडळाची दिवाळी होती. दोन वर्षं नैवेद्याचे लाडू मनामातल्या दुकानातून यायचे. यंदा पहिल्यांदाच मंडळानं ते काम सुनंदाबाईंना दिलं होतं. त्यांनी कालचा अख्खा दिवस उभं राहून रव्याचे शंभर लाडू वळले होते आणि ते स्टीलच्या दोन मोठ्या डब्यांत भरून जेवणाच्या टेबलावर ठेवले होते.

सून कस्तुरीबरोबर झेंडू आणायला निघताना त्या दारात थांबल्या.

"अहो, डब्यांना हात लावायचा नाही. नैवेद्य आहे."

"अगं, मी कशाला लावीन?"

"तुम्ही नाही लावणार. पण तुम्ही शिकवायला लागलात की तुम्हाला आजूबाजूचं दिसत नाही."

"लाडू कुठे जात नाहीत," गुरुजी म्हणाले. हे मात्र अक्षरशः खरं ठरलं.

वर्ग सुरू झाला. गुरुजींनी दिवाणखान्यात सतरंजी अंथरली. "हे आपलं बेट. फरशी म्हणजे समुद्र. बेटावर सात नागरिक. आता या बेटाला सरकार पाहिजे. दोन पक्ष करा."

पहिला पक्ष आठ वर्षांच्या चिरागनं काढला. त्याचे पुढचे दोन दात पडले होते, त्यामुळे त्याचं भाषण थोडं हवेशीर झालं. "नो होमवर्क. एव्हरीथिंग फ्री."

दुसरा पक्ष पूर्णिमाचा. ती अकरा वर्षांची, वेण्या घट्ट, पेन्सिलींना टोकं. तिनं वहीत रंगीत अधोरेखित करून नऊ कलमी जाहीरनामा लिहिला. पहिलं कलम होतं, 'समुद्रात पाय ठेवणाऱ्यास दंड.'

मतदान झालं. चिरागला सहा मतं, पूर्णिमाला एक.

"रीकाउंट," पूर्णिमा म्हणाली.

फेरमोजणी झाली. पुन्हा सहा आणि एक. पूर्णिमानं निकाल वहीत नोंदवला आणि खाली लिहिलं, 'अमान्य.'

"आता अर्थकारण," गुरुजी रंगात आले होते. त्यांनी खिशातून अर्धा दिनार काढून उंच धरला. "हा काय आहे? कागद. मग दुकानदार याच्या बदल्यात वस्तू का देतो? कारण याच्यामागे सरकारचा शब्द आहे. सही आहे. सरकारनं शब्द मोडला की नोट पुन्हा कागद होते."

"आपल्या बेटाच्या नोटेमागे काय?" आर्यानं विचारलं.

गुरुजींची नजर उदाहरण शोधत फिरली आणि टेबलावर येऊन थांबली. "धरून चालू, एका नोटेमागे एक लाडू. लाडू तिजोरीत सुरक्षित. कोणी हात लावायचा नाही."

"अँड व्हॅट?" चिरागनं विचारलं. इथल्या मुलांना चॉकलेटच्या बिलामुळे व्हॅट पाठ असतो.

"शाबास. सरकारला खर्च असतो ना? म्हणून प्रत्येक वस्तूतून सरकार आपला छोटा वाटा काढून घेतं. इथं दहा टक्के."

"फ्रॉम एव्हरी सिंगल वन?"

"प्रत्येक. कुणाला सूट नाही."

चिराग गप्प झाला. अनुभवी शिक्षकाला अशा वेळी धोका कळायला हवा होता. पण गुरुजींना वाटलं, विषय पोचला.

मग शुद्धलेखन झालं आणि मुलं वह्या घेऊन रांगेत उभी राहिली. आता गुरुजींची एक सवय सांगायला हवी. अडतीस वर्षं वह्या तपासल्यामुळे समोर आलेल्या कागदाचा उजवा खालचा कोपराच त्यांना दिसायचा. तिथे लाल पेनानं ते सही करत. गेल्या आठवड्यात कुरियरवाल्याच्या पावतीवर त्यांनी 'अक्षर सुधारा' लिहून सही दिली होती. आज वह्यांच्या पानांमध्ये मुलांनी कागदाचे चौकोनी तुकडे घातले होते. प्रत्येकावर आर्याच्या अक्षरात एकच ओळ होती, 'या कागदाच्या बदल्यात एक लाडू मिळेल.' गुरुजींनी सगळ्यांवर सह्या केल्या. तिघांना शाबासही दिलं.

तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. आवाज नीट यायचा तो फक्त बाल्कनीत. अध्यक्षांना पणत्या कुठे ठेवायच्या यावर वीस मिनिटं चर्चा हवी होती.

वीस मिनिटं सरकार चालवायला भरपूर असतात.

गुरुजी आत आले तेव्हा बेट विलक्षण शांत होतं. सातही नागरिक सतरंजीवर मांडी घालून बसले होते आणि मधोमध एक फुटबॉल होता. खेळताना लॉबीतली कुंडी फोडल्याबद्दल गेल्या महिन्यात वॉचमननं जप्त केलेला.

"हा इथे कसा?"

"फॉरेन ट्रेड," आर्या म्हणाली. ती परराष्ट्रमंत्री झाली होती.

बेल वाजली. दारात वॉचमन मुख्तार, हातात लाल सहीचा कागद. "मास्टरजी, बच्चों ने बोला इसका लड्डू मिलेगा. साइन तो आपका ही है."

त्याच्यामागे दहाव्या मजल्यावरच्या नसीबा आँटी, दोन नोटा आणि रिकामा डबा घेऊन. त्यांनी वेफर्सची पाकिटं दिली होती. त्यांच्यामागे खालच्या कोल्ड स्टोअरचा, म्हणजे इथल्या किराणा दुकानाचा, माणूस. त्याच्याकडे चार नोटा होत्या, कारण त्यानं आइस्क्रीम दिलं होतं. लिफ्ट अजून वर येतच होती.

गुरुजींचा हात दार लावायला पुढे गेला. पण मागे सात मुलं बघत होती, आणि सरकारनं शब्द मोडला की काय होतं हे त्यांनीच तासापूर्वी शिकवलं होतं. चार-पाच लाडू गेले तर सुनंदाला समजावता येईल, असा विचार करून त्यांनी डबा उघडला.

लाडू सगळे होते. रांगेत, नीट, शंभरच्या शंभर. आणि प्रत्येक लाडवाला एक छोटा, मोजका चावा घेतलेला होता.

"व्हॅट," चिराग म्हणाला. "ओन्ली टेन पर्सेंट, आजोबा. प्रॉमिस."

काही चाव्यांच्या मधोमध रव्याची बारीक भिंत उभी होती. तो पंतप्रधानांचा वाटा. पण बाकीचे चावे अख्ख्या दातांचे होते.

"पूर्णिमा, तूसुद्धा?"

"मी विरोध केला, आजोबा. स्ट्राँगली."

"मग?"

"मग त्यानं मला फायनान्स मिनिस्टर केलं." तिनं पट्टी दाखवली. "सगळे चावे मी मापून दिलेत. त्याचे जास्त होत होते."

"आणि बाकीचे?"

"सगळ्यांना गव्हर्नमेंट जॉब," चिराग म्हणाला. बेटावर बेकारी उरली नव्हती.

नेमक्या त्याच वेळी लिफ्टमधून झेंडूची पिशवी घेऊन सुनंदाबाई बाहेर आल्या. दारातली रांग ओलांडून त्या आत शिरल्या. त्यांनी डबा पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं. नंतर एकच शब्द बोलल्या.

"उष्टे."

गुरुजींना चोरी समजावता आली असती, मोडतोड समजावता आली असती. उष्टा नैवेद्य समजावणारी भाषा त्यांच्याकडे नव्हती.

"मी हात लावला नाही," ते कसंबसं म्हणाले.

"हातानं नाहीच लावला कोणी."

त्या खुर्चीवर बसल्या. पहिल्यांदाच मिळालेलं मंडळाचं काम, आणि देवीपुढे ठेवायला एक लाडू नाही. त्यांचे डोळे भरून आलेले पाहून चिरागचा चेहरा पडला. "आजी, आय रिझाइन," तो हळूच म्हणाला.

बहुधा त्या शब्दांनीच सुनंदाबाई उठल्या. पदर खोचत सतरंजीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. "आता इथे माझं सरकार. मतदान नाही, भाषण नाही. किती वाजले?"

"अकरा," पूर्णिमा म्हणाली.

"सहाला हॉलवर पोचायचंय. मुख्तारभाई, कोल्ड स्टोअर से रवा लाओ, चार किलो. जिनके पास कागज है, सब को पाँच बजे लड्डू मिलेगा. ताजा. मास्टरजी की सही है, खाली नहीं जाएगी." मग मुलांकडे वळून, "हे उष्टे तुमचे. घरी न्या आणि संपवा. कस्तुरी, पाक बघ. आणि तुम्ही." हा 'तुम्ही' गुरुजींसाठी होता. "नारळ खवा."

गुरुजींनी नारळ खवले, रवा भाजला, आणि पाच वाजेपर्यंत लाडू वळले. काही लंबगोल झाले. सुनंदाबाई ते मुकाट्यानं परत मोडून वळत होत्या. पाचला रांग आली, लाडू घेऊन गेली. सहाला उरलेले अदलियाला पोचले. नैवेद्य झाला, आणि पंगतीत अध्यक्ष म्हणाले, दुकानातल्या लाडवांना ही चव कधी नव्हती. सुनंदाबाई खाली मान घालून हसल्या. गुरुजींचा जीव तेव्हा कुठे भांड्यात पडला.

आर्यानं जाता जाता गाडीतच प्रोजेक्टचं शेवटचं पान लिहून टाकलं होतं. 'सतरंजी आयलंड. इकॉनॉमी: कोलॅप्स्ड. रीझन: आजोबा साइन्ड एव्हरीथिंग.'

हॉल रिकामा झाला तेव्हा ताटात एकच लाडू उरला होता. दिवसभर लाडू वळून तळहात सोललेल्या गुरुजींना अजून एकही मिळाला नव्हता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून लाल सहीचा एक कागद काढला आणि अदबीनं सुनंदाबाईंपुढे धरला.

त्यांनी तो चष्मा लावून उलटसुलट नीट वाचला.

"ही मागच्या सरकारची नोट आहे," त्या म्हणाल्या, आणि लाडू चिरागच्या हातावर ठेवला.