शिशीतला पेरू

देवळीतील आमचे शेजारी मेश्राम जमादार फळ खाण्यापूर्वी त्याचा पंचनामा करतात. भर बाजारात पेरू नाकाशी धरून डोळे मिटतात आणि चारचौघांत निर्णय देतात, "याचा माल झकास उतरन!" आपल्या दारूबंदीच्या जिल्ह्यात हे वाक्य ऐकून पेरूवाली घाईने टोपली झाकते, कारण जमादारांची उभी नोकरी मोहाच्या भट्ट्या फोडण्यात गेली आहे.

हे ज्ञान त्यांना मीच दिले. मी निवृत्त विज्ञानशिक्षक. समोर कोणी बसला की शिकवू लागतो. जर्मनीत चेरी, नाशपाती, आलुबुखारा आंबवून त्यांचे मद्य गाळतात. रासबेरीत साखर कमी, म्हणून ती आधी तयार मद्यात भिजवून मग गाळतात. यातील एक थेंबही मी चाखलेला नाही. शिकवण्यास त्याची गरज भासली नाही.

जमादारांचा या विषयातील रस मात्र घरगुती होता. त्यांची मुलगी सुजाता तिकडे नोकरीस गेली आणि फळांचे मद्य गाळणाऱ्याच्याच मुलाशी तिने लग्न केले. "भट्टीवाल्याच्या घरी माही पोरगी?" एवढे म्हणून जमादारांनी तिच्याशी बोलणे सोडले, त्याला तीन वर्षे झाली. ती छायाचित्रे पाठवत राहिली. एकात सासऱ्यांच्या नाशपातीच्या झाडाला बाटल्या बांधल्या होत्या. फळ सुपारीएवढे असतानाच बाटलीत सरकवतात. ते आतच वाढते, मग वरून मद्य भरतात.

"मास्तर, हा मुद्देमाल पाहा," जमादार म्हणाले. "आपल्या पेरूले जमन का?"

"पण भरणार काय?"

"मिठाचं पाणी भरू न! पोरीले पाठवतो. मंग बोला लागत नाई."

बाटलीचे तोंड वर ठेवावे, असे मी सांगितले. त्याची तीन कारणेही दिली. जमादारांनी अंगणातल्या पेरूला बाटली तशीच बांधली. पावसाचे पाणी आत साचले आणि पेरू सडला.

"काऊन मास्तर, तुमच्या हातचे पोट्टे पास कसे झाले?"

मी चौथे कारण शोधत असताना त्यांनी तणतणत फोन लावला. माझी तक्रार नेमकी कुठे करतात, ते मला कळेना.

"सुजाता," ते दरडावून म्हणाले, "तुह्या सासऱ्याले इचार, शिशीचं तोंड वरतं ठेवा लागते का खालतं?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाबा... थांबा. त्यायलेच देते."

जमादारांनी घाईघाईने सदऱ्याचे वरचे बटण लावले. फोनवर तळहात ठेवून मला विचारले, "जय भीमले तिकडं काय म्हणतेत?"

चार फळांची कुंडली मला पाठ होती. हे ठाऊक नव्हते.

"जाऊ द्या," म्हणून त्यांनी घसा खाकरला. "जय भीम, व्याही."

पलीकडून एका वयस्क माणसाचा आवाज आला. एकेक अक्षर जपून ठेवीत तो म्हणाला, "जय भीम, व्याही."

इतका सराव एका दिवसात होत नाही.