मामांनी मोजलेलं वातावरण

"झोपेत विचारलं तरी सांगीन!" असं आचल मुलाखतीबद्दल मैत्रिणींपुढे, घरी, सगळीकडे म्हणाली आणि तिथेच माशी शिंकली.

जगभर चॉकलेट विकणाऱ्या ब्रॉमेल फूड्सचे साहेब अमरावतीला तिच्या एमबीए कॉलेजात येणार होते. जागा एकच, उमेदवार बारा! प्रत्येकाने कंपनीच्या अंतर्गत आणि बाह्य वातावरणाचं विश्लेषण सादर करायचं होतं. इकडे आईने शेजारणींना पेढ्यांची तारीखसुद्धा सांगून टाकलेली.

त्यात कळलं की सगळ्यांनी इंटरनेटवरून एकच विश्लेषण उतरवलंय. तिनेही तेच उतरवलं होतं! आता करायचं काय? तेवढ्यात तिला सूर्यभानमामा आठवले. अकोल्यात जुन्या शहरात याच कंपनीचं गोदाम मामा सांभाळत. तिने फोन लावला.

"मामा, तुमच्या कंपनीचं आतलं वातावरण अन् बाहेरचं वातावरण कसं हाये, खरंखरं लिहून धाडा. कमजोरी, धोका, सगळं!"

"काहून पायजे तुले?"

"माया नोकरीचा सवाल हाये, मामा!"

"मंग घाबरू नको, पोरी. उद्या दिवसभर मोजून पाठोतो."

'मोजून' म्हटल्यावर तरी तिने थांबायला हवं होतं. पण घाबरलेलं माणूस कुठं थांबतं?

मामांच्या कागदाचा फोटो आला तो मुलाखतीच्या दिवशी, नाव पुकारायला पाच मिनिटं असताना. अक्षर म्हणजे गुळाला लागलेल्या मुंग्या! वाचायला वेळ कुणाला? आचलने तो तसाच शेवटच्या पानावर डकवला, वर 'प्रत्यक्ष गोदामातून' असं ठळक लिहिलं आणि देवाचं नाव घेऊन आत शिरली.

पहिली सात पानं साहेबांनी जांभया देत पाहिली. तीच पानं त्यांनी सकाळपासून दहा वेळा पाहिली होती. आठवं पान आलं आणि साहेब ताठ बसले.

"हे काय? मोठ्याने वाचा!"

आचल वाचू लागली. "आतलं वातावरण, दुपारी दोन वाजता, त्रेचाळीस. बाहेरचं वातावरण, पंचेचाळीस. ढग नाही..."

मागे, आपलं सादरीकरण उरकून बसलेल्यांपैकी कोणीतरी फिस्सकन हसलं. आचलचे कान तापले. पण साहेबांची नजर हटेना, म्हणून ती रेटत राहिली.

"कमजोरी, एसी होळीपासून बंद. तीनदा कळवलं. धोका, मागच्या भिंतीत साप हाये. दुसरा धोका, मोठे साहेब येतो म्हंते, पण येत नाई."

सगळी खोली हसत होती. संपलं! नोकरी गेली, पेढे गेले, आता आईला काय तोंड दाखवायचं? आचलला रडूच फुटायचं बाकी होतं. हसत नव्हते ते फक्त साहेब.

"गोदामात त्रेचाळीस?" ते ओरडले. "अहो, वऱ्हाडातून आमची चॉकलेटं वाकडीतिकडी होऊन परत येतात! का, ते शोधायला दिल्लीहून सल्लागार आणला. त्याने दोनशे पानं लिहिली, त्यात एसी कुठेच नाही! हे निरीक्षण कोणाचं?"

आचलच्या जिभेवर 'माझं' आलंच होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे भर उन्हात थर्मामीटर घेऊन आतबाहेर करणारे मामा आले.

"माझ्या मामांचं," ती म्हणाली.

साहेबांनी मामांचा नंबर लिहून घेतला. "कळवू," म्हणाले.

पुढचे आठ दिवस आचलने फोन उशाशी घेऊन काढले. आंघोळीला जाताना तो आईच्या हातात! नवव्या दिवशी फोन वाजला. मामा होते.

"पोरी, नोकरी लागली!"

आचल किंचाळली. आईने धावत जाऊन पेढ्यांचा डबा उघडला.

"मले!" मामा पुढे म्हणाले. "पाच जिल्ह्यांतल्या गोदामांचं वातावरण मोजाले! पण साहेब म्हंते, अर्ज इंग्रजीत पायजे. तेवढा तू लिहून दे. तुले तं झोपेत बी येते नं?"