पेंढीटन साहेबाची चिली

"आबा, रविवारी तुम्ही नुसतं बसून ऱ्हा. साहेबाशी काय बोलायचं ते मी बोलतो, मंग तुम्हाला सांगतो," बन्सी म्हणाला, आणि कडूबा पाटलांच्या हातातली चहाची बशी ओठांपाशी जाऊन थांबली.

बन्सी हा त्यांचा थोरला. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फोरमन. कारखान्यात विलायतेहून नवं मशीन आलं होतं आणि ते बसवून द्यायला त्याच्यासोबत एक इंग्रज इंजिनिअरही आला होता. त्याचं नाव पेनिंग्टन. कडूबांनी ते एकदा ऐकलं आणि आपल्या सोयीचं करून घेतलं : पेंढीटन. या पेंढीटन साहेबाला कुणीतरी हुरड्याची तारीफ सांगितली होती, त्यामुळे येत्या रविवारी तो पडेगावला पाटलांच्या शेतात हुरडा खायला येणार होता.

पाहुणा येणार याचा कडूबांना आनंदच होता. पण 'नुसतं बसून ऱ्हा' हे त्यांना लागलं. निजामाच्या तहसीलदाराशी ते उर्दूत भांडले होते आणि पोलीस अ‍ॅक्शननंतर आलेल्या तहसीलदाराशी मराठीत. दोन्ही वेळा जिंकले होते. आणि आता स्वतःच्या बांधावर, स्वतःच्या पाहुण्यासमोर पोटच्या पोरानं आपली जीभ चालवायची? पोराला आपली लाज तर वाटत नाही ना, अशी एक शंका त्यांच्या मनात येऊन गेली, आणि ती गेली तरी तिचा चटका काही गेला नाही.

"बन्सी," बशी खाली ठेवत ते म्हणाले, "माझ्या शेतात माझ्या वतीनं कुणी बोलायचं नाय. साहेबाशी मीच बोलंन. इंग्रजीत."

मनकर्णाबाईंनी चुलीपुढून मान वर केली. "तुम्हाला कुठं येतंय इंग्रजी?"

"नाय येत तर शिकंन. रविवार काय उद्या हाय का?"

रविवार उद्या नव्हता, परवाही नव्हता. एवढा अवधी कडूबांना भरपूर वाटला. शेलकी बोरं पिशवीत भरून त्यांनी शहरातला औरंगपुरा गाठला. तिथं मधुसूदन मास्तर राहत. हयातभर इंग्रजी शिकवून नुकतेच पेन्शनीत निघालेले, त्यामुळे विद्यार्थ्यावाचून त्यांचाही जीव कासावीस होत होता.

"मुळात किती येतं तुम्हाला?" मास्तरांनी विचारलं.

"युरिया, मोटार, पाइप, वॉटर," कडूबांनी बोटांवर मोजलं. "आन् चिली. चिली म्हंजी मिरची. बियाण्याच्या पाकिटावर असतंय."

"उत्तम. म्हणजे पाया आहे."

"उर्दू चौथीबी झालेली हाय. पर मी उर्दू शिकलो आन् निजाम गेला. आता इंग्रजी शिकू ऱ्हायलो, साहेबाला म्हनावं जपून ऱ्हा."

मास्तर हसले, मग गंभीर झाले. "पाटील, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. इंग्रजाला पगार विचारायचा नाही, लेकरं किती विचारायचं नाही, लग्न झालं का तेही विचारायचं नाही."

"मंग बोलायचं तरी काय? नुसतं एकमेकाच्या तोंडाकडं बघायचं?"

"हवेवर बोलायचं. इंग्रज माणूस भेटला की आधी हवेवर बोलतो. तुम्हाला हवेचे शब्द आले की इंग्रजी आलंच समजा."

हे ऐकून कडूबांना एकदम धीर आला. हवेत तर त्यांची हयात गेली होती. मास्तरांनी शिकवायला सुरुवात केली. सन म्हणजे ऊन. विंड म्हणजे वारा. क्लाउड म्हणजे ढग. कोल्ड म्हणजे थंडी. हॉट म्हणजे उकाडा. आणि पाहुणा दिसताक्षणी म्हणायचं, "नाइस डे, साहेब!" कडूबांनी ते सगळं डोळे मिटून घोकलं आणि मग सहज विचारलं, "मास्तर, भुरभुरीला काय म्हनत्यात?"

"रेन."

"आन् झडीला?"

"रेनच. मोठा असला तर हेवी रेन."

"आन् उघडीप देऊन देऊन येतंय ते? वळवाचं? इकडं पडतंय आन् बांधापल्याड नाय पडत ते?"

मास्तरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "सगळं रेनच हो. पण फार जोराचा असला तर त्यांच्यात एक वाक्प्रचार आहे. म्हणतात, कुत्री आणि मांजरं पडतायत."

कडूबांना इंग्रजांची मनापासून दया आली.

"बस? कुत्री-मांजरं? अवो मास्तर, आमच्या पावसाचं वाहन दर नक्षत्राला बदलतंय. बेडूक येतो, म्हैस येती, गाढव येतं. आन् हस्ताचा तर सगळे हत्तीच म्हनत्यात. इथं आभाळातून हत्ती उतरतोय आन् हे मांजरं मोजू ऱ्हायले! एवढ्याशा शब्दांवर राज्य कसं केलं असंल यांनी?"

ते घरी परतले ते छाती पुढं काढूनच. इंग्रजी अवघड नव्हतं, उलट जरा अपुरंच होतं.

रविवार उजाडला तो आभाळ भरून. उत्तरेचा वारा असा सुटला होता की कुत्रीसुद्धा राखेतून उठायला तयार नव्हती. शेतात आगटी पेटली होती. गोवऱ्यांच्या विस्तवात कोवळी कणसं भाजायला घातली होती, शेजारी बाजेवर घोंगडी अंथरली होती, आणि भावकीतले बद्रीनाथ इंग्रजी ऐकायला म्हणून सकाळपासूनच येऊन बसले होते. कडूबांनी नवा फेटा बांधला होता.

राजदूत फटफटीवरून बन्सी आणि त्याच्या मागून साहेब उतरला. हिंदुस्तान म्हणजे उष्ण मुलूख असं त्याला निघताना कुणी सांगितलं होतं देव जाणे, अंगात अर्ध्या बाह्यांचा पातळ शर्ट. उतरल्या उतरल्या त्यानं कडूबांना पाहून हात जोडले आणि तोंड उघडलं, "पाऊ..."

"नाइस डे, साहेब!" कडूबा गरजले.

साहेब दचकला, आभाळाकडे बघून हसला आणि त्यानं पुन्हा सुरुवात केली, "पाऊ..."

कडूबांनी हात वर केला. "कळलं! बन्सी, साहेबाला पाव लागतोय. विलायतेत पावाबिगर घास उतरत नसंल. जा, औरंगपुऱ्यातून घेऊन ये."

"आबा, तसं नसंल. मी इचारतो त्याला..."

"तू काय इचारायचं नाय. पाहुन्यानं तोंडानं मागितलंय. जा."

बन्सीनं साहेबाकडं पाहिलं, वडलांच्या फेट्याकडं पाहिलं आणि निमूटपणे राजदूतला किक मारली. कडूबांना हेच हवं होतं. आता शेतात इंग्रजी जाणणारी दोनच माणसं उरली होती.

त्यांनी साहेबाला आगटीजवळ बाजेवर बसवलं, त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि आकाशाकडे बोट करून म्हणाले, "क्लाउड! विंड!"

"येस, येस," साहेब खूश झाला. तळहातावर तळहात चोळत तो म्हणाला, "अ बिट चिली, इजंट इट?"

कडूबांचे डोळे चमकले. हा शब्द मास्तरांनी शिकवलेला नव्हता. हा त्यांचा स्वतःचा, बियाण्याच्या पाकिटावरचा शब्द होता. आणि साहेब हातही असे चोळत होता की जणू कणीस चोळून हुरडा काढतोय.

"चिली?" त्यांनी खात्री करून घेतली.

"चिली, येस!"

"बन्सीची माय! ठेचा आन!"

मनकर्णाबाई वाटी घेऊन आल्या, पण हात मागं घेऊनच. "अवो, परमुलखातलं लेकरू ते. तोंड जळंल त्याचं."

"तो नाव घेऊन मागू ऱ्हायला, आन् तू नाय म्हनती? पाटलाच्या शेतात पाहुन्याला मिरची मिळाली नाय, असं विलायतेत जाऊन सांगायला लावती का?"

साहेबानं हुरड्याबरोबर ठेच्याचा भलामोठा घास घेतला. तो कुलीन माणूस होता. त्याचे कान लाल झाले, डोळे भरून आले, तरी तो हसत राहिला. शेवटी त्याच्यानं राहवेना. तोंडासमोर हातानं वारा घालत तो म्हणाला, "हॉट! ओ, व्हेरी हॉट!"

"हॉट म्हंजी उकाडा," कडूबांनी बद्रीनाथांना सांगितलं. "साहेबाला उकडू ऱ्हायलं."

"एवढ्या थंडीत?" बद्रीनाथ म्हणाले.

"बर्फातली मानसं ती. आपल्या गारठ्यानं त्याला घामच यायचा. बघ कसा वारा घिऊ ऱ्हायला. धर बाज!"

दोघांनी साहेबाच्या खांद्यावरची घोंगडी काढली आणि बाज उचलून आगटीपासून लांब, विहिरीजवळच्या लिंबाखाली नेऊन ठेवली. तिथं वारा सरळ अंगावर येत होता. साहेब थोडा वेळ तोंडात हवा ओढत बसला. तोंडाची आग ओसरली तसं त्याचं अंग थरथरू लागलं. दंडांवर हात घासत तो म्हणाला, "आय से, इट्स रिअली चिली हिअर!"

बद्रीनाथ उठून उभेच राहिले. "मानलं पाहुन्याला! पडेगावात दोनदा ठेचा मागनारा मानूस म्या आजवर पाह्यला नाय!"

कडूबांची छाती फुगली. जणू ते मिरचीचं वाण त्यांनी आणि साहेबानं मिळून पिकवलं होतं. या खेपेला मनकर्णाबाईंना न विचारताच त्यांनी स्वतः वाटी आणली आणि हुरड्यावर ठेच्याचा डोंगर रचला. साहेबानं तो बघितला, कडूबांच्या प्रेमळ चेहऱ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घास घेतला.

मग तो उठलाच. "हॉट! हॉट! वॉटर!"

"हॉट वॉटर," कडूबा शांतपणे म्हणाले. हे दोन्ही शब्द त्यांना येत होते. "बन्सीची माय, साहेबाला गरम पानी दे. कढत."

कढत पाण्याचा पहिला घोट त्या तोंडात गेला मात्र, साहेब लिंबाभोवती धावू लागला. बद्रीनाथ टाळ्या वाजवायच्या बेतात होते. कडूबा हात जोडून त्याच्या मागून म्हणत होते, "नाइस डे, साहेब! नाइस डे!"

इतक्यात मनकर्णाबाई मध्ये शिरल्या. त्यांनी साहेबाचा दंड धरला, त्याला ओढत आगटीपाशी आणून बसवलं, डोक्यावरून घोंगडी गुंडाळली आणि हातात दह्याचं भांडं दिलं. "दातावर दात वाजू ऱ्हायले त्याचे! थंडीनं मेला असता की! हे समजायला काय इंग्रजी लागतं का?"

त्याच वेळी राजदूत फटफटत आली. पावाचा पुडा हातात घेऊन बन्सी उतरला. साहेब घोंगडीत कुडकुडत होता, नाकातून पाणी गळत होतं आणि तो अधाशासारखं दही खात होता. काय झालं ते आईनं सांगितलं. बन्सीनं कपाळाला हात लावला.

"आबा, चिली म्हंजी थंडी! साहेबाला थंडी वाजत होती. हॉट म्हंजी तिखट लागतंय. तुम्ही त्याला वाऱ्यात बसवून ठेचा चारू ऱ्हायले!"

कडूबा तसेच उभे राहिले. दोन तहसीलदार जिंकलेला माणूस पाकिटावरच्या एका शब्दानं हरला होता. त्यांना पाहुण्याची दया आली, स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त म्हणजे, पोरगा आपल्याकडं बघतोय हे बघवेना. तेवढ्यात बन्सी साहेबाकडे वळला. "सॉरी सर, माय फादर..."

"थांब," कडूबा म्हणाले. "चूक माझी हाय. माफीबी मीच मागंन."

ते साहेबासमोर मातीत उकिडवे बसले. त्यांनी ठेच्याच्या वाटीकडे बोट केलं. "माय चिली." मग दातावर दात वाजवून, अंग चोरून साहेबाकडे बोट केलं. "युवर चिली." आणि कानाला हात लावला.

साहेब डोळे विस्फारून बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं. तो असा हसू लागला की दही सांडलं, घोंगडी घसरली आणि डोळ्यांतून पुन्हा पाणी आलं. पण हे पाणी मिरचीचं नव्हतं. हसू ओसरल्यावर त्यानं नाक पुसलं, घोंगडी नीट केली आणि सकाळपासून राहून गेलेलं काम असावं तसे हात जोडले.

"पाऊस... पाणी... कसं हाय, पाटील?"

बन्सी हातातल्या पावाकडे बघू लागला.

"याला कारखान्याच्या गेटावरच्या वॉचमननं शिकवलं असंल," तो पुटपुटला. "मला इचारत होता, शेतकऱ्याशी पहिल्यांदा काय बोलत्यात. मी हसण्यावारी नेलं."

कडूबांना भरून आलं. म्हणजे हा माणूसही घोकूनच आला होता. सात समुद्र ओलांडून, त्यांच्याच बांधावर, त्यांच्याशी हवेवर बोलायला. बन्सी पुढं सरून म्हणाला, "आबा, साहेब म्हणतोय..."

कडूबांनी त्याला उजव्या हातानं थांबवलं. साहेबानं डाव्या.

मग पाटलांनी फेटा सारखा केला, भरल्या आभाळाकडे एकदा जाणत्या नजरेनं पाहिलं, आणि पाहुण्याला त्याच्या भाषेत जबाब दिला, "चिली, साहेब. व्हेरी चिली!"

ते ऐकताच मनकर्णाबाईंनी ठेच्याची वाटी उचलली आणि पदराखाली धरून थेट खोपीकडं नेली.